मनोहररावांची टर्बोची जोडी

बोरगाव मेघेत मनोहररावांचं घर विचारलं तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. "तो ॲम्बेसेडरवाला बुढा ना? सरळ जा, टिनाच्या शेडमधून आवाज येईन." हसणाऱ्यांचं मनोहररावांना काही वाटत नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांची उभी हयात साहेबाच्या हो ला हो मिळवण्यात गेली. निवृत्त झाले त्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आले, शाल खुंटीला टांगली आणि जाहीर केलं की आता हो म्हणणं बंद. कुंताबाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्या चुलीपाशी पुटपुटल्या, "घरात त मी तुमचं हो अजून आयकलंच नाई."

भजनी मंडळानं बोलावलं, हे गेले नाहीत. त्याऐवजी एका वकिलाच्या अंगणात सडणारी पेट्रोलची ॲम्बेसेडर त्यांनी उचलून आणली आणि इंजिन खोललं. तिला टर्बो लावायचा, तोही एक नाही, दोन! टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्री. ती फिरली की इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि गाडी उधळते. दोन सिलिंडरांच्या धुरावर एक आणि उरलेल्या दोनांवर दुसरा, असा बेत होता. ॲम्बेसेडरला! आता हसणाऱ्यांना तरी कसा दोष द्यावा?

पण हसण्यावारी नेता येणार नाही अशी एक गोष्ट होती, आणि ती दिवाळीला पुण्याहून घरी आली. मुलगा पीयूष. तो गुणी पोरगा आहे, आईबापांची काळजी करतो, आणि काळजी करणाऱ्या माणसासारखा हट्टी दुसरा कोणी नसतो. घर भाड्यानं द्यायचं, शेड पाडायचं आणि दोघांना पुण्याला न्यायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"बाबा, या वयात हे काय करून राह्यले तुम्ही? आरटीओनं धरलं त?"

"त्याईलेबी मांगच्या सीटवर बसवीन."

बरंच वाजलं. शेवटी पीयूष म्हणाला, "ठीक आहे. मी परत जायच्या आत ही गाडी न थांबता केळझरच्या गणपतीपर्यंत गेली, तर मी पुण्याचं नाव काढणार नाई. नाई गेली, तर गाडी भंगारात अन् तुम्ही माह्यासंगं."

मनोहररावांनी नुसता पाना उचलला. पोरानं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

टर्बो घ्यायला ते ओमप्रकाशकडे गेले. अपघातात गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाला फार शिकवत नाही, पण त्या दिवशी त्यानंही तोंड उघडलं. "काकाजी, ट्रकचा एकच मोठा घेऊन जा ना."

"ट्रकचा मोठा कवा जागा होईन अन् कवा गाडी पळंन? इथं दर फर्लांगाले ब्रेकर हाये. मले लहान पाह्यजे, लवकर फिरणारे. अन् जोडीच पाह्यजे."

इथवर म्हाताऱ्याचं चोख होतं. पुढं मात्र त्यांनी एक जुना घेतला, जीपवरचा, थोडा मोठा, बराच चाललेला. आणि एक कोराकरकरीत, छोट्या डिझेल गाडीचा. ओमप्रकाश म्हणाला, "दोन्ही सारखे घ्या, काकाजी." तर त्याच्यावरच डाफरले, "तू लोखंड विक. जोडी लावणं मले शिकवू नोको."

जोडी लावायची ही रीत त्यांनी आणली होती आपल्या गावाहून, रोहण्याहून, बापाच्या शेतातून. घरात पटाचे, म्हणजे शर्यतीचे बैल होते, पण शंकरपटात कासरा कायम थोरल्या भावाच्या हाती. धाकट्या मनोहरच्या वाट्याला आलं ते गोऱ्हे वखराला लावायचं काम. नवा गोऱ्हा जुन्या बैलाशेजारी जुंपायचा. जुना वाट सोडत नाही, नवा त्याच्याकडे पाहून शिकतो. साठी उलटली तरी हा धडा ते विसरले नव्हते. लोखंड कोणाकडे पाहून शिकत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दोन्ही टर्बो बसवून गाडी पहिल्यांदा निघाली त्या दिवशी पीयूष शेजारी बसला, कुंताबाई मागे. वस्तीबाहेर मोकळा रस्ता लागला, मनोहररावांनी पाय दाबला आणि गाडीनं अशी काही उसळी घेतली की पीयूषनं डॅशबोर्ड धरला. मग बॉनेटखाली फडफड सुरू झाली. छोटा टर्बो आधी जागा झाला होता. त्यानं कोंबलेली हवा सुस्त मोठ्याच्या तोंडातून उलटी बाहेर पडत होती. गाडी खोकू लागली, झटके देऊ लागली आणि सेलूच्या अलीकडे बंद पडली. वांगी उतरवून परतणाऱ्या शेजारच्या रुपेशच्या पिकअपनं दोर बांधून ती घरी ओढत आणली. वाटेत ओळखीच्या प्रत्येकानं हात केला. मनोहररावांनीही प्रत्येकाला हात केला, मान ताठ ठेवून.

"झालं, बाबा," पीयूष म्हणाला. "भंगारवाल्याले फोन करतो."

"कर. आला त त्याच्याच हातानं इंजिन उतरवून घेतो, माह्यी मेहनत वाचन. तू अजून गेला नाईस."

तोंडानं असं म्हणाले खरे, पण शेडमध्ये जाऊन बसले ते पाना हातात न घेता. पीयूषच्या पुण्याच्या फ्लॅटमधली, दिवसभर नुसतं बसून राहायची खुर्ची त्यांना दिसत होती. त्या खुर्चीची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

कुंताबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी पटाचे बैल, वडील गावोगाव पट मारलेले. त्यांनी दोन्ही टर्बोंकडे पाहिलं. "काहो, हे दोघं सारखे काऊन नाई?"

"जुन्यासंगं नवा जुंपला."

"हे रीत वखराची हाये," कुंताबाई म्हणाल्या. "वखराले शिकवाचं असते. पटाले कोणी शिकवते का? तिथं दोघंबी बरोबरीचे लागते, नाई त एक पळते अन् दुसरा त्याले ओढते. माह्या बाबानं असा बैल जुंपला असता त लोकाईनं धोतर सोडलं असतं त्याईचं."

मनोहररावांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशकडे दोघंही गेली. छोटा नवा होता, त्याचा जोडीदार हवा होता. ओमप्रकाशनं तशाच गाड्यांचे चारदोन काढून पुढं ठेवले. कुंताबाईंनी पदर खोचला आणि एकेकाची चक्री बोटानं फिरवून पाहिली, सोबत आपली नवी. एक अडखळत होती, एकीचा दांडा हलत होता. एक मात्र आपल्या नवीइतकीच फिरून तिच्यासोबतच थांबली. "हा," त्या म्हणाल्या. ओमप्रकाशनं मनोहररावांकडे पाहिलं. मनोहरराव म्हणाले, "मले काय पाह्यतं? त्या म्हणते तोच बांध."

पीयूषचं परतीचं तिकीट होतं त्या दिवशी सकाळी गाडी निघाली. या वेळी कुंताबाई पुढे बसल्या. सेलू मागे पडलं. दोन्ही टर्बोंची एकच बारीक शीळ बॉनेटखालून येत राहिली आणि कापसाच्या गाड्या भराभर मागे सरकल्या. केळझरच्या देवळाखाली गाडी उभी राहिली तेव्हा पीयूष खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. बाप जिंकला याचा त्यालाच आनंद झालेला दिसत होता.

"तुम्ही जिंकले, बाबा. शब्द म्हणजे शब्द. पुण्याचं नाव काढत नाई."

"तुह्या शब्दावर मी राहून राह्यलो का इथं?" मनोहरराव म्हणाले. "आज गाडी रस्त्यात जळून खाक झाली असती, तरी मी आलो नसतो. पायी घरी गेलो असतो अन् दुसरी आणली असती. म्हातारपण माह्यं हाये, पीयूष. त्याच्यावर शर्त लावाले तू कोण?"

पीयूषनं हात पुढं केला. "चाबी द्या. जाताना मी चालवतो. तुम्ही थकले असान."

"मांग बस," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.