हिस्केचं शेवटचं वासरू

गेरब्रिख लग्न होऊन या घरात आली, तेव्हा गोठ्यातल्या बहुतेक गायींचं नाव एकच होतं, हिस्के. हे तिच्या सासूबाईंचं नाव. फ्रीसलँडच्या त्या भागात गायींच्या घराण्याला घरच्या बाईचं नाव देतात आणि कालवड झाली की तिलाही तेच.

या हिस्के पहिल्या वेताला बेताचंच दूध देत. कारभार हाती आल्यावर गेरब्रिखनं पहिल्या वेताच्या दुधावरच गाय ठेवायची की विकायची ते ठरवायला सुरुवात केली. शेजारीपाजारी तेच करत होते. एकेक हिस्के ट्रकमध्ये चढली.

"अगं, चौथ्या-पाचव्या वेताला बघ त्यांना," सासूबाई म्हणायच्या.

"तोवर नुसतं चारायचं का, आई?"

"तू सासू असतीस तर मला पहिल्याच वर्षी विकलं असतंस!"

सासूबाई हसायच्या, पण एका हिस्केला त्यांनी अखेरपर्यंत हात लावू दिला नाही.

सासूबाई गेल्या. गेरब्रिखनं निवडलेल्या वळूंच्या लेकींनी दुधाच्या टाक्या भरल्या खऱ्या, पण तिसऱ्या वेतापर्यंत कुणी पायांनी अधू होई, कुणाची कास निकामी होई. सासूबाईंनी राखलेली म्हातारी हिस्के मात्र दरवर्षी वीत होती आणि चांगलं दूध देत होती. तिच्या कालवडी कधीच विकून झाल्या होत्या. अलीकडे तर नुसते गोऱ्हेच होत.

ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा गुरांचा डॉक्टर रिंक म्हणाला, "हे शेवटचं. आता म्हातारीकडे आणखी मागू नका."

गेरब्रिख रोज तिची पाठ खाजवायची. "एक कालवड दे गं. एवढीच."

मार्चमधल्या एका सकाळी हिस्के व्याली. गेरब्रिखच्या नवऱ्यानं, डाऊवेनं, वासराचा मागचा पाय उचलून पाहिला. एरवी सारखी थट्टा करणारा तो, पाय हळूच खाली ठेवून हात पुसत राहिला.

"बोल की."

"गोऱ्हा."

गेरब्रिख पेंढ्यातच खाली बसली. मग म्हणाली, "गोऱ्हे नेणाऱ्या व्यापाऱ्याला फोन करू नकोस."

"वळू म्हणून ठेवतेस? अगं, हिस्केचा टिकाऊपणा त्याच्यात उतरलाय की नाही, ते त्याच्या लेकी म्हाताऱ्या होतील तेव्हा कळणार. तोवर तू काठी टेकत येशील गोठ्यात."

"ठाऊक आहे मला."

हिस्के वासराला चाटत होती. गेरब्रिखनं मूठभर पेंढ्यानं त्याचे ओले कान पुसले.

"नाव काय ठेवायचं?" डाऊवेनं विचारलं.

गोऱ्ह्याला घराण्याचं नाव देत नाहीत. गेरब्रिखनं खूप आठवून पाहिलं. तिला सासूबाईंच्या नावाखेरीज दुसरं सुचेना.