आतली बोंब

आमच्या पनवेलच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या वापरलेल्या सुया रोज गाडी येऊन घेऊन जाते. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही, म्हणून ते साचत राहतात! त्यातले बरेचसे आयएल-सिक्सचे. हे सिग्नल देणारं एक प्रोटीन. शरीरात जंतू शिरले की पेशी ते सोडतात, आणि लढणाऱ्या पेशी धावून येतात. आमच्या डॉक्टर मॅडम पेशंटला सांगतात, "ही शरीरानं मारलेली बोंब!"

*

जासईचे एक काका तापानं फणफणलेले. "काका, तुमचं आयएल वाढलंय," मी म्हणालो. ते भडकलेच! "ऑइल? तेल तं आमी कवाच सोरलंय!"

आम्ही पोट धरून हसलो. मग काका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पन आंगात कोनतरी बोंबलतंय, त्याचं काय?" मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. काकांना बोंबेचं कोणीच सांगितलेलं नव्हतं.

*

एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. मशीन बंद, आणि रीडिंग वाढल्यावर वाजणारा बीप चालूच! आम्ही मोबाइलच्या उजेडात मशीनचा प्लगही काढून बघितला. शेवटी कळलं, वरच्या मजल्यावरच्या पोपटानं तो आवाज उचलला होता.

मॅडम म्हणाल्या, "त्याचंही रक्त घ्या!"

*

पळस्प्याचा एक ढाबेवाला. ताप गेला, जंतू गेले, पण आयएल चढतंच राहिलं. सांधे सुजून लाल. मॅडमनी समजावलं, "चोर कधीच गेला, पण बोंब थांबत नाहीये. धावून आलेले आता घरच फोडतायत."

त्याची बायको नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या आत ह्यांनाच कोणीतरी मारतंय?"



*

मंदा आमची सगळ्यात जुनी टेक्निशियन, राहते खांदा कॉलनीत. मशीन नीट चाललंय ना, हे बघायला आधी एका धडधाकट माणसाचं रक्त लावायचं, ही आमची पद्धत. आणि ते मंदाचंच! वॉचमननं कुलूप काढलं की ती येते, स्वतःचं रक्त काढून नळी स्टँडमध्ये ठेवते आणि डबा करायला घरी जाते.

त्या दिवशी तिच्या नळीचं रीडिंग भलतंच वर. पुन्हा लावलं, तेवढंच! घाबरून फोन केला, तर म्हणते, "दादा, मी ठणठणीत आहे. भाजी फोडणीला टाकतेय!"

मॅडमनी फोन हिसकावला. "गॅस बंद कर आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. वाद नको."

पित्ताशय आतून सडलं होतं, आणि तिला साधं पोटही दुखलं नव्हतं! सर्जन म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर वाचली नसती. ऑपरेशन संपेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

ती जरा सावरल्यावर भेटायला गेलो. म्हटलं, "नशीब गं, सकाळी रक्त ठेवून गेलीस! नळीवर तुझं अक्षर बघितलं आणि फोन लावला."



"कुठलं रक्त, दादा? त्या दिवशी मला उठायलाच उशीर झाला. मी लॅबला आलेच नव्हते!"