टेबलाखालच्या चार खुणा

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना आमच्या गावच्या सभागृहात झाला, हे लोक अजून छाती फुगवून सांगतात. मला मात्र तो विषय निघाला की तिडीक येते. जगातली सर्वांत हुशार दोन डोकी म्हणे! त्या दोन डोक्यांपायी माझे मामा लबाड ठरले, तेही एका टेबलावरून.

मामा त्या सभागृहाचे सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एकतीस वर्षं तिथल्या खुर्च्या, पायऱ्या, पडद्यांच्या दांड्या त्यांनीच सांभाळल्या. पेन्सिल कायम कानावर. मामी म्हणायची, झोपतानाही काढत नाहीत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. सामन्यासाठी टेबल करायला सांगितलं तेव्हा त्यांनी जीव ओतला. दारातून आत नेता यावं म्हणून पाय सुटे ठेवले, आणि प्रत्येक पाय ज्याच्या त्याच्या खाचेत बसावा म्हणून पायावर आणि खाचेशेजारी जोडीच्या खुणा केल्या. एक रेघ, दोन रेघा, त्रिकोण, फुली. हाताने घडवलेले चार पाय दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसवून चालत नाही. कुठलाही सुतार हेच करतो.

परदेशातून आलेल्या गतविजेत्याला कर्मचारी थोरले महाराज म्हणत आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला धाकटे महाराज. थोरल्याला धाकट्याचं खोकणं खुपे, धाकट्याला थोरल्याचे बूट वाजलेले सहन होत नसत. पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून एकवीस तक्रारी केल्या आणि डाव खेळले चार.

पाचवा डाव थोरले महाराज हरले. स्वतःच्या चुकीने हरायला ते काय तुमच्याआमच्यासारखे? त्यांचा मॅनेजर रांगत टेबलाखाली शिरला आणि बाहेर आला तो ओरडतच. खुणा सापडल्या! धाकट्याला कुणीतरी चाली कळवतंय! लगेच पाच जणांची समिती बसली. त्यातल्या एका प्राध्यापकाने फुलीचा अर्थ लावला, ‘वजीर वाचवा.’ ती खूण बघायला खेळाडूला आधी टेबलाखाली डोकं घालावं लागेल, एवढं त्या पाच विद्वानांपैकी एकालाही सुचलं नाही.

सभागृहाच्या व्यवस्थापकाने मामांपुढे कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून मी या खुणा केल्या, क्षमा असावी.’

“सही करून टाका, मिस्त्री. आठ महिन्यांनी सुखाने घरी जाल.”

“घरी जाईन हो, पण तोंड कुठे दाखवू?” मामा म्हणाले. “लाकडात कधी लबाडी केली नाही मी. सही होणार नाही.”

त्यांना तिथल्या तिथे निलंबित केलं. निघताना मामांनी एवढंच बजावलं, “खुणा पुसू नका. पाय अदलाबदल झाले तर टेबल डुगडुगेल.”

सुताराचं कोण ऐकतो! समितीने पाय काढले, पॉलिशपेपरने खुणा घासून टाकल्या आणि हाताला येईल तो पाय मिळेल त्या खाचेत ठोकला.

वर्तमानपत्रात ‘फितूर सुतार’ असं छापून आलं. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. मामा स्वयंपाकघराचं एकच दार रोज काढायचे आणि परत बसवायचे. “करून टाकायची होती सही,” मामी एकदा म्हणाली आणि मग स्वतःच रडत बसली. त्या पाच विद्वानांना मामांची ही दशा दाखवायला एकेक करून त्या दारात उभं करावं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सहावा डाव सुरू झाला. थोरल्याने कोपर टेकलं, टेबल कललं आणि धाकट्याचा राजा आडवा झाला. आता राजा स्वतः आडवा केला की हार मानली असं धरतात. थोरला म्हणे, हा हरला. धाकटा म्हणे, याने मुद्दाम पाडला. जगज्जेतेपदाचे दोन दावेदार भर सभागृहात हमरीतुमरीवर आले. समितीने पायाखाली कागदाच्या घड्या सरकवून पाहिल्या. एक कोपरा थांबला की दुसरा डुगडुगे. शेवटी डाव थांबवला आणि व्यवस्थापक धापा टाकत आमच्या दारात आला.

“चला मिस्त्री, गाडी आणलीय.”

“आधी माईकवर सांगा, त्या खुणा कशाच्या होत्या ते,” मामा म्हणाले. “मगच पायाला हात लावीन.”

त्याच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता. मी आणि मामीही मागोमाग गेलो. भरल्या सभागृहात व्यवस्थापक मान पुसत बोलला, “त्या खुणा सुतारकामाच्याच होत्या. मिस्त्रींचा काही दोष नव्हता.” मामांनी टेबल उलटं केलं, बोटाने चाचपून कुठला पाय कुठल्या खाचेचा ते ओळखलं आणि चारही पाय बसवले. मग कानावरची पेन्सिल काढून सगळ्यांदेखत पुन्हा त्याच खुणा केल्या. दहा मिनिटांचं काम.

थोरल्या महाराजांनी दुभाष्याला विचारलं, हा माणूस कोण? तीन दिवस ज्याच्या नावाने खडे फोडले, तो कोण हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं!

“त्यांना सांगा,” मामा टेबल सरळ करत म्हणाले, “टेबल आता हलत नाही. आता हरलात तर स्वतःच्या डोक्याने हराल.”

दुभाष्याने पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. पण दुसरंही सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं होतं, कारण घाबरलेला व्यवस्थापक माईक बंद करायला विसरला होता.