चिनी खुर्चीवरची मांडी

अकोल्याला जुन्या फर्निचरवाल्याकडे मी गेले होते कपाटासाठी आणि घेऊन आले खुर्ची. दुकानदार चाचा म्हणाले, "चिनी हाय बाई, लई जुनी. एक बी खिळा सापडला तं फुकट घेऊन जा." मी खरंच ती दुकानात उलटी करून धुंडाळली. खिळा काही सापडेना! लाकडात लाकूड असं बसवलेलं, की सांध्यात नख शिरत नव्हतं. शिसवीसारखं काळंभोर लाकूड, पाठीमागून गोल वळत येऊन तेच पुढं दोन्ही हातांना टेकू देणारं, आणि बैठक चांगली ऐसपैस.

अमरावतीला हॉलमध्ये ती मांडली आणि घरात जाहीर केलं, हिला कुणी हात लावायचा नाही.

बाबा तेव्हा माझ्याकडे नवेच आले होते. कपाशीनं सलग तीन वर्षं दगा दिला, भाऊ शेत मक्त्यानं देऊन नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला, गावात बाबा एकटे उरले. मी त्यांना ओढूनच आणलं. पण कमरेमुळं जमिनीवर बसलं की उठता येईना. टेबलाशी पाय लोंबकळत ठेवून घास उतरेना. आणि पलंगावर ताट घेणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण! दोन घास खाऊन उठायचे. "मले गावाले नेऊन सोड," रोज एकच. मला धडकीच भरली होती, तिकडं ताट वाढणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी बघते तर बाबा माझ्या चिनी खुर्चीवर मांडी घालून! मी ओरडलेच, "बाबा, पाय खाली सोडा! शोभेची हाय ते!"

ते उतरले आणि पिशवी भरायला लागले.

आग लागो माझ्या जिभेला! काय करावं सुचेना, म्हणून फडकं घेऊन खुर्चीच पुसत बसले. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. बैठकीच्या दोन्ही कडांना, गुडघे टेकतात तिथं, लाकूड झिजून किंचित खोलगट झालेलं. म्हणजे तिकडं चीनमध्येही कुणीतरी वर्षानुवर्षं हिच्यावर मांडीच घालत आलं होतं.

मी खुर्ची ओढत जेवणाच्या टेबलाशी नेली.

"या बाबा, जेवाले बसा."

"आन तुयी शोभा?"

"शोभा गेली खड्ड्यात. बसा तुमी."

ते मांडी घालून बसले. वरणात भाकर कुस्करली आणि मान वर न करता अख्खं ताट साफ केलं. हात धुऊन आले नि म्हणाले, "गावच्या शेजाऱ्याले फोन लाव. म्हनावं, माही पेटी यष्टीत टाकून दे."