सरकीसकट बर्फ

उन्हात तापलेल्या नव्या कापसाचा वास आला की आमच्या यवतमाळच्या इंटरनॅशनल शाळेतलं ते जुनं इंग्रजी नाटक आठवतं. शेवटी म्हातारा राजा बर्फात मरतो. राजा झाली होती माझी मैत्रीण वैशाली. बर्फासाठी तिच्या बाबांनी बोरी अरबहून शेतातला कापूस आणला, पण सरकीसकट! निळ्या उजेडात आम्ही वरून मुठी सोडल्या, तर तो तरंगेचना. टपटप वाजत राजाच्या अंगावर पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतले तिचे बाबा मात्र कळवळले, "पोरीले लागून राह्यलं ना!"

वैशाली आता कॅनडात असते. आज तिनं व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेर पडणारा खरा बर्फ दाखवला. मग ती हळूच म्हणाली, "एवढा पडून राह्यला, पण आवाजच नाही येत."