बयूमीची घंटी

बयूमीला मी अठ्ठावीस वर्षं ओळखतो, आणि एवढ्या काळात त्यानं मान हलवून कुणाला 'हो' म्हटल्याचं मला आठवत नाही. डोक्यावर दाराएवढी लाकडी जाळी, तिच्यावर गरम रोट्यांचे थर, एक हात जाळीला, दुसरा सायकलच्या हँडलला, आणि चाकांखाली आमच्या शुब्रा वस्तीचा रस्ता, म्हणजे मायक्रोबस, टुकटुक, गाढवगाड्या आणि शिव्या. त्यात मान हलली की रोट्या मातीत. ही सवय त्याच्या हाडात मुरली आहे. कहवाखान्यात नुसता बसला असला तरी मागून कुणी हाक मारली की हा सगळाच्या सगळा वळतो, कपाट फिरवावं तसा.

माझं शिंप्याचं दुकान त्याच रस्त्यावर. वर्षानुवर्षांचा नेम असा: सकाळी साडेसहाला मी शटर वर करतो, तेव्हा मालकीण हज्जा तफीदाच्या रोट्यांच्या भट्टीतून निघालेला बयूमी समोरून जातो. मान हलत नाही, हात उचलता येत नाही, म्हणून तो अंगठ्यानं घंटी वाजवतो, दोनदा. रस्त्यात त्याच्या ओळखीचे शंभर जण असतील, पण दोनदा फक्त माझ्या दुकानासमोर. माझी बायको म्हणते, "बिशप घरी जेवायला आले तरी तुझा चेहरा एवढा फुलायचा नाही."

मधली दोन वर्षं मात्र, आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत असताना, हा गडी उलट्या, डाव्या बाजूनं सायकल हाकायला लागला होता. थेट गाड्यांच्या तोंडावर. मायक्रोबसवाले खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पोलिसानं दोनदा अडवलं. शेवटी हज्जानं भट्टीसमोर सगळ्यांदेखत बजावलं, "बयूमी, आणखी एक तक्रार आली तर जाळी माझ्या भाच्याच्या डोक्यावर जाईल. वय झालंय तुझं." हे वय झालंय म्हटलेलं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. जाळी वाहण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही, आणि शिकायचंही नाही.

अशातच आमच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखायची टूम निघाली. हिरवा रंग आणि कडेला गुडघ्याएवढे खांब. रबाब नावाची इंजिनीअर, माझ्या धाकटीच्या वयाची, नकाशाची गुंडाळी घेऊन दुकानोदुकानी फिरली. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक सूट न्यायला मोटारीतून येतं. मोटार कुठे लावायची, माझ्या शिलाई मशीनवर? औषधांच्या दुकानाचा मालक डॉक्टर हलीम, तो माझ्या दुकानाच्याच इमारतीत माझ्या घराच्या वर राहतो, आणि मी, आम्ही दोघांनी विरोधाचा कागद काढला. कॉलेजच्या पोरींनी पट्टीच्या बाजूनं दुसरा कागद काढला. माझ्या बायकोनं दोन्हीवर सही केली. कहवाखान्यात माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. आणि दोन्ही बाजूंना हवा होता बयूमी, कारण शुब्र्यात सायकल म्हटलं की लोकांना तोच आठवतो.

ईद जवळ आली तेव्हा तो नव्या गलाबियाचं, म्हणजे पायघोळ झग्याचं, माप द्यायला आला. मी त्याच्या मागे उभा राहून खांदा मोजत होतो आणि तोंडाची टकळी चालू होती. पट्टीच्या निकालाची बैठक ठरली होती, तिच्यात तू असं बोल, तसं बोल. उत्तर नाही. मी डाव्या बाजूला होतो. मला काय वाटलं कोण जाणे, मी मोठी कात्री त्याच्या डाव्या कानाशी नेऊन करकर चालवली. पापणीसुद्धा हलली नाही. मग उजव्या कानाशी नेली. तो दचकला.

"कधीपासून?" मी समोर येऊन विचारलं.

"काय कधीपासून?"

"बयूमी, मी मूर्ख दिसतो का तुला?"

तो स्टुलावर टेकला. "दोन वर्षं झाली. जाळी डोक्यावर असली की मागे बघता येत नाही, वगीह. मागचं सगळं मी कानानं बघायचो. आता डावीकडून येणारी गाडी कोपराला घासली की मगच कळते. म्हणून उलटा जातो. समोरून येणारी निदान दिसते तरी." मग माझा हात धरला. "हज्जाला कळलं तर जाळी गेलीच. तुला तुझ्या मरियममातेची शपथ आहे, वगीह."

मी शपथ घेतली. त्या वेळी विरोधाचा कागद फाडून टाकायला हवा होता. खांब झाले असते तर त्याच्या डाव्या हाताला गाडी येणारच नव्हती, एवढं कळायला काही इंजिनीअर व्हावं लागत नाही. पण मी पुढारी झालो होतो. लोक मला वाकून सलाम करत होते. बैठकीच्या तीन दिवस आधी मी कहवाखान्यात त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"तू फक्त उभं राहून एवढंच म्हणायचं, की अठ्ठावीस वर्षं पट्टीवाचून काढली. खोटं थोडंच आहे?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"अरे, मी तुझं सगळं झाकून ठेवलंय ना?" मी हसत हसत म्हणालो.

तो सगळाच्या सगळा माझ्याकडे वळला. मग चहा अर्धा टाकून निघून गेला.

ते तीन दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका कोटाला दोन डाव्या बाह्या जोडल्या. बायकोवर उगाच खेकसलो. घंटी मात्र रोज वाजत होती, दोनदा, आणि ती ऐकली की मला शटर पुन्हा खाली ओढावंसं वाटायचं. जाऊन त्याची माफी मागावी असं दहा वेळा मनात आलं. गेलो नाही.

बैठक युवक केंद्राच्या आवारात झाली. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. हलीम रबाबच्या नकाशावर बोट आपटत होता, कॉलेजच्या पोरी हुर्यो करत होत्या. मीच ओरडलो, "बयूमीला बोलू द्या!" एकदम शांतता झाली.

तो पुढे आला. टोपी हातात घेतली.

"उस्ता वगीह यांनी मला सांगितलंय, की म्हण, अठ्ठावीस वर्षं पट्टीवाचून काढली." कारागिराला मानानं म्हणतात तसं 'उस्ता' त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. "काढली. सव्वीस वर्षं दोन कानांनी, दोन वर्षं एका कानानं." मग तो वळला आणि हज्जासमोर उभा राहिला. "हज्जा, माझा डावा कान गेलाय. म्हणून मी उलटा जातो. खांब झाले तर सरळ जाईन."

हज्जा तोंडावर पदर धरून बसली होती. "मेल्या, माझ्या रोट्यांपायी मरायला निघाला होतास?"

तो माझ्याकडे वळला. "आता झाकायला काही उरलं नाही, उस्ता. तुम्ही सुटलात."

विरोधाचा कागद मी खिशात कोंबला आणि मागच्या दारानं निघालो. हलीमनं मला भित्रा म्हटलं.

पट्टी मंजूर झाली, पण दुसऱ्याच दिवशी जाळी भाच्याच्या डोक्यावर गेली. हज्जानं बयूमीला भट्टीच्या खिडकीत बसवलं, रोट्या मोजून द्यायला. आठ महिने तो तिथे बसला. बसला कसला, घटकेघटकेला उठून रस्त्यावर यायचा आणि मजूर रंग देत असायचे ते बघत उभा राहायचा. मी त्याची गलाबिया शिवून पाठवली. शिलाईचे पैसे मोजून परत आले.

पट्टी तयार झाली तेव्हा त्यानं हज्जाकडे जाळी मागितली. ती म्हणाली, "दहा दिवस बघते. एकदा जरी चाक खांबांच्या बाहेर गेलं, तर जाळी कायमची भाच्याची." हे मला भाच्यानंच सांगितलं. बिचाऱ्याची मान आठ महिन्यांत आखडून गेली होती, तो बयूमीसाठी नवस बोलत होता.

पहिल्या दिवशी मी सहालाच खाली उतरलो. हिरव्या पट्टीत, बरोबर माझ्या दुकानासमोर, खांबांच्या फटीतून घुसवलेली हलीमची मोटार उभी होती. ती टाळायची तर बयूमीला डावीकडे, गाड्यांत उतरावं लागणार होतं. मी हलीमच्या सज्जाखाली उभा राहून ओरडायला सुरुवात केली. इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, हलीमची सगळ्यांत शेवटी.

"वेड लागलं का वगीह? विरोधाचा कागद तूच ना फिरवत होतास?"

"मीच. आता गाडी काढ."

"आणि नाही काढली तर?"

हा प्रश्न मी आधी बयूमीच्या तोंडून ऐकला होता. "तर मी इथेच, तुझ्या गाडीवर चढून बसतो," मी म्हणालो, आणि खरोखरच चढलो. साठीच्या माणसाला बॉनेटवर चढताना बघून त्याची बायकोच किल्ली घेऊन खाली आली.

गाडी हलली आणि पाचच मिनिटांत बयूमी आला. जवळजवळ तीन वर्षांनी सरळ बाजूनं. जाळीवर वाफ, मान ताठ, डावीकडे खांब. मी पदपथाला चिकटून उभा राहिलो. अंगठा घंटीजवळच होता, मी नीट पाहिलं. तो समोरून गेला.

घंटी वाजली नाही.

काल दहावा दिवस झाला. जाळी त्याची राहिली, भाच्यानं साखर वाटली. दहाही दिवस मी सहाला उतरून हलीमची मोटार हटवली, एकदा कांद्यांची हातगाडी, एकदा कुणाचा तरी सोफा. घंटी अजून वाजलेली नाही. उद्याही सहालाच उतरायचंय, हलीमनं आज पुन्हा गाडी तिथेच लावली आहे.