कामतघरला उकळणारी स्टाफ कार

१९८७च्या मार्चमध्ये आमची तुकडी सरावासाठी अंबाडीजवळ तळ ठोकून होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. रोज सकाळी साडेनऊला जुनी स्टाफ कार डाक घेऊन ठाण्याला निघायची. ड्रायव्हर लान्स नायक रफिक, घर भिवंडीत, कामतघरला. आठवड्यात तीनदा गाडी उकळली आणि तिन्ही वेळा कामतघरलाच. हा योगायोग मला पचेना. पठ्ठ्या मुद्दाम पाणी कमी भरतो आणि आईच्या हातचं जेवून येतो, असं माझं पक्कं मत झालं. मी आमच्या मेजरसाहेबांकडे तक्रार घेऊन गेलो.

"शिस्तभंगाचा चार्ज लागला तर त्याची लान्स नायकाची फीत जाईल. पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

"उद्या आणतो, सर."

दुसऱ्या दिवशी पाणी मीच भरलं आणि त्याच्या शेजारी बसलो. रफिक खुशीत दिसला. मला तेही खटकलं. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर होता. भिवंडीच्या गर्दीत तो चढू लागला आणि कामतघरला बॉनेटमधून वाफ आली.

"घरी जाऊन ये," मी खडा टाकला.

"ड्युटीवर हाय, उस्ताद. न्हाय जायचा." त्यानं बॉनेट उघडलं. "रेडिएटरला खाली हात लावा. इंजिन उकळतंय नि ह्यो गारच हाय."

हात लावला. रेडिएटर खरंच गार होता.

इंजिनातलं पाणी पंप फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, पाणी बायपासच्या नळीतून इंजिनातच फिरतं. इंजिन तापलं की तो रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपास बंद करतो. इथल्या उकाड्यात तो कशाला हवा, असं आम्ही मेकॅनिक समजायचो. तळावर आल्या आल्या मीच तो काढून टाकला होता. बायपास उघडाच राहिला आणि गरम पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात जाऊ लागलं. भिवंडीच्या गर्दीत वारा लागायचा नाही, पाणी तापत जायचं आणि कामतघरला पोचेपर्यंत उकळायचं.

"म्हंजी आत थर्मोस्टॅट न्हाय. कुनी काढला, उस्ताद?"

"मी."

रफिक शेजारच्या पॉवरलूमच्या कारखान्यातून सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी घेऊन आला. इंजिन निवल्यावर ती आम्ही बायपासच्या नळीत ठोकली, क्लिप आवळली, पाणी भरलं. गाडी ठाण्याला जाऊन आली, उकळली नाही. संध्याकाळी मेजरसाहेबांना मी चूक माझी असल्याचं सांगितलं. रफिकला मात्र चार्जचं कधीच कळू दिलं नाही.

१९९३मध्ये काश्मिरात गस्तीवर असताना रफिक शहीद झाला. मी तेव्हा पेन्शनीत होतो. कामतघरला त्याच्या आईला भेटायला गेलो.

"तुमीच ते उस्ताद?" ती म्हणाली. "रफिक सांगायचा, उस्तादांचा माज्यावर लय भरोसा. माज्या गाडीत सोता येऊन बसले."

मी हो म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.